झिरो किल्ड म्हणे!

रंकाळ्यावर भेळ खाता खाता एकजण ज्ञान पाजळतोच. ‘भावा, ओके म्हणजे काय म्हाईत हाय का? झिरो किल्ड! अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक मेला नाही की पाटीवर लिहायचे.’ अरे, ते युद्ध पेटलं १८६१ साली. ओके छापून आलं २३ मार्च १८३९ ला, ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. बावीस वर्षं आधीच मढी मोजायला बसले होते काय?

दुसरा ‘ऑब्जेक्शन किल्ड’ घेऊन तयारच. साहेबाचा शेरा म्हणे! कुठल्या साहेबाचा? कुठल्या फायलीवर? ते विचारायचं नाही.

खरी गोष्ट साधी, म्हणूनच पचत नाही. बोस्टनच्या पत्रकारांना तेव्हा खोड होती: स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’चं केलं ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect), उरलं ओ आणि के. ‘ऑल राइट’चंही असंच (oll wright) ओ. डब्ल्यू. केलेलं, ते कधीच मातीत गेलं. ओके तगलं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या १८४० च्या निवडणुकीमुळे. उमेदवार व्हॅन ब्युरेन, गाव किंडरहुक, टोपणनाव ‘ओल्ड किंडरहुक’. समर्थकांनी ओके क्लबच काढले. गडी पडला, शब्द निवडून आला!

अमेरिकन भाषा अभ्यासक अॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून हे मांडलं, त्याला साठ वर्षं झाली की! आणि ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ अशा चार दिशा म्हणे? अहो, ‘न्यू’चं अनेकवचन ते. नव्या गोष्टी. बास.

एवढं सांगून उत्तर काय? ‘ओके भावा.’ आणि रात्री ग्रुपवर परत झिरो किल्ड!