हे कशात दळलंय?

कॉफीचा कप ओठांपर्यंत नेऊन त्यांनी तो तसाच खाली ठेवला आणि विचारलं, "हे कशात दळलंय?"

हे मित्राचे मेव्हणे. मी त्यांना बोलावलं नव्हतं. मित्र आला, त्याच्यासोबत आले. "मिक्सरमध्ये," मी म्हणालो. मित्राने नजर चुकवली. शाळेपासून तो माझ्या बाजूने आहे, पण त्या क्षणी नातं जिंकलं.

"दळलं नाहीये तुम्ही. फोडलंय."

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच अजून डोक्यातून जात नाही. मिक्सरचं पातं दाणे झोडपतं. काहींची धूळ होते, काही अर्धेमुर्धे तसेच राहतात. मग पाणी जोरात आलं की धुळीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा. एकाच कपात दोन्ही. बर ग्राइंडरमध्ये दाणा दोन दातेरी कड्यांच्या, म्हणजेच ‘बर’च्या, फटीतून भरडला जातो आणि फट जेवढी, साधारण तेवढाच कण बाहेर पडतो. हे मला ठाऊक होतं. ते चारचौघांत ऐकायचं नव्हतं, एवढंच.

एस्प्रेसोचं मशीन, म्हणजे दाबाने गरम पाणी पुडीतून सारून कॉफी काढणारं, घेताना मात्र यातलं अवाक्षर कोणी काढलं नाही. खोक्यावर ठळक छापलं होतं, १५ बार! एस्प्रेसोला दाब लागतो ९ बारच्या आसपास; उरलेले सहा बहुधा गिऱ्हाइकावर दाब टाकायला असावेत. "यासोबत तोडीस तोड ग्राइंडर घ्यावा लागेल" हे बारीक अक्षरांतही नव्हतं. मशीन घरात येऊन ओट्यावर बसलं की मग सगळे एका सुरात सांगतात, अहो, आधी ग्राइंडर घ्यायचा असतो!

"घेतोय आता. यादीत दोनच उरलेत," विषय मिटावा म्हणून मी म्हणालो.

मेव्हण्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बर केवढे?"

"एकाचे ४८ मिलिमीटर. दुसऱ्याचे ६४."

"४८ म्हणजे हाताचा, कोनिकल. ६४ म्हणजे विजेचा, फ्लॅट." बरोबर होतं. कोनिकल म्हणजे शंकूसारखे बर, फ्लॅट म्हणजे सपाट. "आता मला सांगा, कपात तुम्हाला काय हवंय? बॉडी की क्लॅरिटी? दाटपणा की चवीतला स्वच्छपणा?"

"कॉफी."

ते हसले नाहीत. "रिटेन्शन किती?"

"म्हणजे?"

"१८ ग्रॅम दाणे टाकले तर बाहेर किती येतात?"

"अठरा."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "थोडी पूड आत अडकते. ती उद्याच्या शॉटमध्ये, म्हणजे एस्प्रेसोच्या कपात, येते. शिळं पिताय तुम्ही."

"मी अजून ग्राइंडर घेतलेला नाही."

"घेतल्यावर प्याल."

मग त्यांनी दोन बश्या मागवल्या. एक पालथी घालून दुसरीवर ठेवली आणि कडेला कड घासत गरगर फिरवायला लागले. बर असे समांतर हवेत म्हणे. नवा ग्राइंडर आला की पहिल्यांदा उघडायचा, बरची कड मार्करने रंगवायची, बंद करून बर एकमेकांना जेमतेम टेकेपर्यंत आणायचे, फिरवायचे, परत उघडायचं आणि रंग कुठे पुसला गेलाय ते पाहायचं. एकाच बाजूचा पुसला असेल तर दुसऱ्या बाजूखाली ॲल्युमिनियम फॉइलचा कपटा सारायचा.

"नव्याकोऱ्या वस्तूत?"

"दोष नव्यातच असतो." कर्रर्र. बायको आतून बघून गेली. त्या जोडीतल्या चारच बश्या शिल्लक आहेत आमच्याकडे.

"तुमच्याकडे कोणता आहे?" मी विचारलं. मित्राने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"माझं अजून ठरतंय," मेव्हणे म्हणाले आणि बशी उलट दिशेने फिरवू लागले.

खरं तर दळणयंत्रं काही काल निघालेली नाहीत. प्यूजो कंपनी मोटारींसाठी ओळखली जाते, पण तिच्या कॉफीच्या हातगिरण्या १८४० पासूनच्या. मोटारींचा पत्ताही नव्हता तेव्हा. त्या वेळी लोक दांडा फिरवायचे आणि कॉफी प्यायचे. कोणाच्या हातात मार्कर होता असं ऐकिवात नाही.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. "एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत सर्व काही" (म्हणजे बारीक पुडीपासून जाड भरडीपर्यंत) असं मिरवणाऱ्या ग्राइंडरच्या फट कमीजास्त करायच्या चकतीवर ३० आकडे असतात आणि एस्प्रेसोच्या वाट्याला त्यातले सुरुवातीचे तीन-चार. उसन्या आणलेल्या एकावर मी हे भोगलंय. एका आकड्यावर कॉफी १५ सेकंदांत धो धो वाहून जाते, शेजारच्या आकड्यावर मशीन कण्हत थेंब थेंब गाळतं. हवी असते २५-३० सेकंदांची धार. ती नेमकी दोन आकड्यांच्या मध्ये, जिथे खटकाच नाही. तीन दिवाणखाने आणि पाय ठेवण्यापुरतं स्वयंपाकघर असलेल्या घरासारखी ही चकती. त्यात दाण्यांची पिशवी बदलली की सगळं पहिल्यापासून. हे जुळवताना जे दाणे बेसिनमध्ये जातात ते कोणाच्या खात्यावर? खोक्यावर फट किती मायक्रॉनने सरकते एवढं छापायला शाई कितीशी लागते? पण नाही. तिथे वाफाळत्या कपाचा फोटो असतो, ज्यातली कॉफी त्या ग्राइंडरने दळलेली असेल यावर माझा विश्वास नाही.

शेवटी हाताचाच घेतला. विजेच्या मोटरचा खर्च वाचतो, तो बरवर लागतो, आणि याचे खटके इतके बारीक आहेत की शॉट दोन-तीन सेकंदांनी पुढे-मागे करता येतो. हलक्या भाजणीचे दाणे असले की खांदा भरून येतो, पण मिनिटभरात १८ ग्रॅम निघतात. दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडला तर पूड ओटाभर उडत नाही. हेही मेव्हण्यांनीच सांगितलं होतं. ते मी त्यांना कळवणार नाही.

मित्राने कळवायचं ते कळवलंच. रात्री मेसेज आला: "अभिनंदन. सीझनिंग केलंत का? नवे बर रुळायला निदान ५ किलो दाणे दळून टाका."

दळून टाका. म्हणजे प्यायचे नाहीत, टाकायचे. मिनिटाला १८ ग्रॅम धरले तर साडेचार तासांच्या वर नुसता दांडा फिरवायचा, तोही न थांबता. आणि हे सांगणाऱ्या माणसाचं अजून ठरतंय!

उत्तर दिलेलं नाही. दोन निळ्या खुणा त्यांना दिसल्या असतील. दिसू देत.