‘शेजाऱ्याचं एका रात्रीत झालं, यांनी ३८ दिवस घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, तो वाचला. तुमच्या तक्रारी चार: ड्रेनेज कनेक्शनला ३८ दिवस लागले, परमिशनच्या नावाखाली खर्च वाढला, तपासणीत आम्ही नापास झालो आणि दारासमोर १३ दिवस चर उघडा राहिला. चारातल्या दोन खऱ्या आहेत. त्या आधी घेतो.

नापास झालो, हो. महापालिकेचे जुनिअर इंजिनिअर साहेब तपासणीला आले त्या दिवशी पाण्याची टेस्ट व्यवस्थित झाली होती. खालचं तोंड बूच लावून बंद केलं, लाइन पाण्याने भरली, वरच्या चेंबरमध्ये खडूने खूण केली. अर्ध्या तासाने पाणी खुणेलाच होतं. मग त्यांनी गोळा मागितला. पाईपच्या आतल्या मापापेक्षा साधारण अर्धा इंच लहान असा गुळगुळीत लाकडी गोळा वरून सोडायचा आणि तो कुणी न ढकलता खालच्या चेंबरमध्ये आला पाहिजे. आमचा आला नाही. आरसा आणि टॉर्च लावून बघितलं तर दुसऱ्या चेंबरच्या अलीकडे पाईपच्या तळाला सिमेंटचा लिंबाएवढा गोळा चिकटून वाळलेला. चेंबरला आतून प्लॅस्टर करताना पाईपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबायचा असतो. आमच्या पोराने तो कोंबला नाही, आणि मी संध्याकाळी बघायला आलो तेव्हा वाकून आत बघितलं नाही. चूक पोराची कमी, माझी जास्त. २६ वर्षं हे काम करतोय.

तो तुकडा तसाच राहिला असता तर पहिले सहा महिने तुम्हाला काहीच कळलं नसतं. मग त्याला केस अडकले असते, केसांना कापड, आणि ऐन गणपतीत बाथरूममध्ये पाणी उलटं आलं असतं. साहेबांनी नापास केलं त्याचा त्या दिवशी मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दुरुस्ती एका दिवसात झाली, फेरतपासणीची तारीख मात्र सहाव्या दिवसाची मिळाली. तेवढे दिवस चर उघडा होता. तुमच्या वडिलांना काठी घेऊन फळीवरून ये-जा करावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी. फळीऐवजी पहिल्याच दिवशी लोखंडी प्लेट टाकायला हवी होती. ती आठव्या दिवशी आली, तीही तुमच्या मिसेसनी फोन केल्यावर.

पण ‘चर बुजवून टाका, नंतर फोटो दाखवू’ असं तुम्ही म्हणालात, त्याला मी नाही म्हणालो, आणि आजही नाहीच म्हणेन. जमिनीखाली गेलेल्या पाईपचा उतार फोटोत दिसत नसतो. तपासणी व्हायच्या आत माती टाकली तर तीच माती पुन्हा उपसायला लावतात, आणि पणाला लागतं ते माझं प्लंबरचं लायसन्स.

आता ३८ दिवसांचा हिशेब. ११ दिवस कागदांत गेले. कर-पावती कुणाच्या नावावर होती वगैरे इथे नको, ते आपल्यात राहू दे. १४ दिवस ड्रेनेजची मंजुरी आणि रस्ताखोदाईची परवानगी. ही दोन वेगळी टेबलं आहेत आणि पहिल्याचा कागद हातात आल्याशिवाय दुसरं हलत नाही. ४ दिवस खोदाई आणि पाईप, ३ दिवस पहिल्या तपासणीपर्यंत, ६ दिवस फेरतपासणीपर्यंत. या शेवटच्या ६ दिवसांचा जबाबदार मी. घाई मलाही होतीच, कारण पावसाळा तोंडावर आला की रस्ता खोदायची परवानगी बंद होते आणि काम थेट दिवाळीवर जातं.

खर्चाचं. रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क महापालिकेत भरलेलं आहे, पावती तुमच्या नावाची आहे आणि त्यातला रुपया माझ्याकडे आलेला नाही. मात्र कोटेशनमध्ये मी ‘सरकारी फी वेगळी’ एवढंच लिहिलं होतं. वेगळी म्हणजे किती, याचा अंदाज आधी द्यायला हवा होता. इथून पुढे कोटेशनवर ती ओळ वेगळी येईल.

पाईप १४ मीटरऐवजी २३ मीटर का लागला, तेही तुम्ही विचारलंय. तुमच्या फाटकासमोरचा चेंबर जवळ आहे, कबूल. पण आपण लेव्हलची नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून बघितलं तेव्हा तुमच्या घराच्या शेवटच्या चेंबरपेक्षा तो फक्त २० सेंटिमीटर खोल निघाला. ६ इंची पाईपला आम्ही ६० ला १ उतार धरतो, म्हणजे १४ मीटरला २३ सेंटिमीटर. शिवाय आपला पाईप मेन लाइनच्या तळाला नाही, थोडा वर सोडायचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात २० सुद्धा मिळत नाहीत. उतार कमी पडला की पाणी पुढे पळतं आणि मैला मागे बसतो. खालच्या अंगाचा चेंबर ७० सेंटिमीटर खोल मिळाला, २३ मीटरला ३९ पुरतात. म्हणून तिकडे गेलो. नळी धरायला तुम्ही स्वतः उभे होता.

जुनी सेप्टिक टाकी बंद केली त्याचं बिल. तुमच्या ओळखीचा माणूस आत उतरून निम्म्या पैशात टाकी साफ करून देणार होता. सर, त्यासाठी माझ्याशी पुन्हा वाद घालू नका. माणसाला तसं टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी उतरवला नसता. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गॅस जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा बरी आहे आणि तो खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मैला गाडी बोलावली, पाईपने उपसलं, तळाला भोकं पाडली, मुरूम भरला. बिल त्याचंच आहे.

शेजाऱ्यांचं. आपली धायरी पुणे महापालिकेत २०१७ साली आली, तेव्हा घेतलेल्या ११ गावांपैकी एक म्हणून; त्याच्या आधीपासून ज्याने त्याने आपापली सोय केलेली आहे. त्यांचं कनेक्शन कसं झालं ते त्यांना माहीत. मी फक्त एवढं सांगतो, एका रात्रीत केलेली जोडणी आम्ही बऱ्याचदा उघडतो. हातोड्याने मेन पाईपला भोक पाडलेलं असतं, तुटलेल्या कपच्या आतच पडलेल्या असतात आणि भोकाभोवती सिमेंट थापलेलं. नाहीतर लाइन सरळ पावसाळी गटारात सोडलेली असते, आणि ते गटार ओढ्याला जातं.

राहिलं एक. दुसऱ्या टेस्टच्या टँकरचे ६०० रुपये बिलात लागलेत. चूक आमची होती, ते पैसे तुमच्याकडून घ्यायला नको होते. आजच तुमच्या नंबरवर परत पाठवलेत. तपासणीचा शेरा असलेला कागद आणि चेंबरची मापं टाकलेला नकाशा शनिवारी आणून देतो. नकाशा वीजमीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा, पुढच्या प्लंबरला उगाच फरशी फोडावी लागणार नाही.

आणि काकूंना सांगा, टाकीच्या जागेवर पारिजातक लावायला एवढ्यात घाई नको. एक पावसाळा जाऊ द्या, मुरूम चार-सहा इंच खाली बसेल. मी येऊन वर माती टाकून देतो, मग लावा.