अर्थिंगची पिन कापल्याने गाणं गोड होत नाही

"घरच्या नेटवर्कवरून गाणी ऐकता? आवाज दहापट सुधारणारे ९ उपाय, जे कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!" या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या संगीतप्रेमींच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. मधेमधे 'क्वांटम', 'मायक्रो-व्हायब्रेशन', 'डिजिटल घाण' असे शब्द पेरलेले. मी तो पाहून सोडून दिला होता. पण परवा मामांचा फोन आला. मामा सत्तरीचे. आयुष्यभर जमवलेल्या सीडी त्यांनी हौसेने एका छोट्या सर्व्हरवर उतरवल्यात. हॉलमध्ये स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारा डबा), अॅम्प आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर. म्हणाले, "अरे, तो सहावा उपाय केला. घूं आवाज गेला बघ. फक्त अॅम्पला हात लावला की जरा झिणझिण्या येतात. चालतं ना तेवढं?"

नाही चालत. म्हणून हे लिहितोय, आणि सुरुवात सहाव्यापासूनच करतोय.

उपाय सहावा शब्दशः असा: "अॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका. अर्थिंगमधून घाण वीज आत येते."

ही पिन वीज आत आणायला नसतेच. ती अॅम्पच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते. आतली एखादी वायर सुटून बॉडीला टेकली किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर बॉडीवर २३० व्होल्ट येतात. अर्थिंग असेल तर तो करंट त्या वाटेने निघून जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो, आणि काहीतरी बिघडलंय हे आपल्याला कळतं. पिन कापलेली असेल तर काहीच होत नाही. दिवा चालू, गाणं चालू, आणि २३० व्होल्ट तुमच्या बोटांची वाट बघत बसलेले. बरं, अॅम्पची बॉडी आरसीए, म्हणजे ऑडिओच्या, वायरींच्या जाळीतून स्ट्रीमरला, टीव्हीला, सगळ्यांनाच जोडलेली असते. म्हणजे पिन एकाची कापायची आणि धोका साऱ्या शोकेसभर पसरवायचा.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी: घरगुती ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडतो. अर्थिंग जागेवर असेल तर गळती त्या वायरीतून जाते आणि कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. अर्थिंग कापलंत की गळतीला वाट म्हणजे तुम्हीच. आधी झटका, मग ट्रिप. आणि जुन्या बिल्डिंगांत ईएलसीबी बसवलेला असेलच याची खात्री कोण देणार?

मामांच्या झिणझिण्यांचं कारणही यातच आहे. बऱ्याच उपकरणांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असताना त्यांची किंचित गळती गुपचूप जमिनीत जाते. ते काढलं की बॉडी मधल्यामध्ये, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. टेस्टर लावला तर मंद पेटतो. आणि ज्या दिवशी आत खरा बिघाड होईल त्या दिवशीही सुरुवात अशीच होणार, फक्त करंट थोडा नसेल.

आता नाइलाजाने कबूल करतो: पिन काढल्यावर घूं जाते, हे खरं आहे. तेवढ्या अर्ध्या सत्यावरच तर मेसेजचा सगळा व्यापार चाललाय. दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असली आणि मधे ऑडिओ वायरीने जोडलेली असली, की त्या दोन अर्थांमधला किरकोळ फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि ५० किंवा १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. याला ग्राउंड लूप म्हणतात. तो तोडायचा तो ऑडिओच्या बाजूला, विजेच्या बाजूला नाही. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. मग एकेक वायर काढून बघत जा, पहिला संशय सेट-टॉप बॉक्सच्या छतावरून येणाऱ्या केबलवर. मामांकडे चोर तीच निघाली. टीव्ही आणि अॅम्पमध्ये ऑप्टिकल केबल टाकली की तिथला विजेचा संबंधच संपतो. तेही जमत नसेल तर आरसीएच्या मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. पिन मात्र आजच परत बसवा. दोन पिनांचा प्लग चालतो तो फक्त ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्यालाच, कारण ते मुळातच दुहेरी इन्सुलेशनचं बनवलेलं असतं.

गंमत म्हणजे याच मेसेजचा पहिला उपाय हा लूप तयार करू शकतो. "साधी लॅन केबल फेकून चांदीचा मुलामा दिलेली कॅट ८ लावा, बाणाची दिशा स्ट्रीमरकडे ठेवा, २०० तास चालू द्या, मग आवाज खुलतो." कॅट ८ ही डेटा सेंटरमधल्या २५ आणि ४० गिगाबिटच्या जोडण्यांसाठी, जेमतेम ३० मीटर अंतरापुरती केलेली केबल, आणि तिला शील्ड (वायरींभोवती धातूचं वेष्टन) असतंच. इथरनेटच्या प्रत्येक सॉकेटमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या, शील्ड नसलेल्या केबलने जोडलेली दोन उपकरणं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेली राहतात. शील्डवाली केबल लावली आणि दोन्ही टोकांची सॉकेटं धातूची, बॉडीला जोडलेली असली, की ते तुटलेपण संपलं. म्हणजे पहिल्या उपायाने घूं विकत घ्यायची आणि सहाव्याने जीव धोक्यात घालून ती घालवायची.

बाणाचं तर काय बोलावं! गिगाबिट लॅनमध्ये वायरींच्या चारही जोड्यांतून डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांना धावतो. बाण नेमका कुणासाठी छापलाय?

केबलने आवाज 'उबदार' किंवा 'मोकळा' होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक गोष्ट करून बघावी. गाणं चालू करा, अर्धा मिनिट जाऊ द्या आणि लॅन केबल उपटून हातात घ्या. बहुतेक स्ट्रीमरवर गाणं चालूच राहतं, कुठे काही सेकंद, कुठे अख्खं गाणं संपेपर्यंत. कारण पुढचा डेटा आधीच मेमरीत येऊन पडलेला असतो आणि डॅक (आकड्यांपासून आवाज बनवणारा भाग) तो स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर तिथून उचलतो. आता बोला, हातातल्या केबलचा उबदारपणा कुठे गेला? डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर तुकडा टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. केबल खराब असली तर गाणं अडकतं, थांबतं. 'थोडं कोरडं' वाजत नाही. शिवाय ऑनलाइन गाणं तुमच्या घरी येतं तेच मुळी केबलवाल्याने गच्चीवरून लोंबकळत सोडलेल्या वायरीतून, पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधलेल्या डब्यातून. त्यानंतरच्या शेवटच्या मीटरभराला चांदी लावून काय मिळणार? मामा ही केबल मागवायलाच निघाले होते. किंमत पेन्शनला भोक पाडणारी.

'ऑडिओफाइल स्विच' (स्विच म्हणजे लॅन केबली एकत्र जोडणारा डबा) हा उपाय दुसरा, त्याला हेच उत्तर. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल, एकूण १४ लाख ११ हजार २०० बिट. म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही. जुन्यात जुना १०० मेगाबिटचा स्विच ते झोपेत पोहोचवतो.

तिसऱ्या उपायाने मात्र माझं डोकं फिरलं: "फ्लॅक फाइली उलगडताना प्रोसेसर दमतो, म्हणून सगळं कलेक्शन वेव्हमध्ये बदला आणि फ्लॅक उडवून टाका." वेव्ह म्हणजे गाण्याची जशीच्या तशी फाइल, फ्लॅक म्हणजे तीच घडी घालून लहान केलेली. घडी घातलेली साडी उलगडली म्हणून तिचे काठ बदलत नाहीत. फ्लॅक उलगडल्यावर मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा मिळतो. फाइलच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा (सगळ्या बिटांवरून काढलेला एक आकडा) लिहिण्याची सोय असते, आणि फ्लॅकची तपासणी चालवली की तो जुळतो की नाही ते कळतं. तरी शंका असेल तर ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्रॅम घ्या. फ्लॅक आणि त्यापासून केलेली वेव्ह शेजारी ठेवा, एकीवर 'इन्व्हर्ट' चालवा, म्हणजे लहरीतले चढ उतार होतात आणि उतार चढ, मग दोन्ही मिसळा. उरते ती निव्वळ शांतता. तोटे मात्र खरे आहेत. तासाभराची सीडी वेव्हमध्ये ६३५ एमबी घेते, फ्लॅकमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि वेव्हमध्ये टॅग धड टिकत नाहीत. गायकाचं नाव, राग, ताल, साथीला कोण, हे सगळं मामांनी रात्र-रात्र जागून भरलंय. ते एका दुपारी उडालं असतं, आणि 'ट्रॅक ०७' नावाच्या शेकडो फाइली हातात उरल्या असत्या.

पाचवा: "२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ नसेल तर ते संगीतच नव्हे." इथे एक संदर्भ देतो आणि त्यावरच भिस्त ठेवतो. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांचा प्रयोग ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये छापून आला. त्यांनी हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या, डिस्क लावल्या आणि मधे एक बटण ठेवलं. एका बाजूला मूळ आवाज, दुसऱ्या बाजूला तोच आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या, गाळणीतून काढलेला. ऐकायला हौशी जाणकार होते आणि ध्वनिमुद्रणाचा धंदा करणारेही. कोणता कोणता हे न सांगता ओळखायला लावलं. एकूण ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं आली २७६, म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. आवाज प्रचंड वाढवून शांत जागा ऐकल्या तेव्हा मात्र १६ बिटाची बारीक सुरसुर कळली. घरात तेवढा आवाज ठेवलात तर पुढच्या तानेला शेजारी दारात उभे राहतील.

या प्रयोगातल्या काही डिस्क मुळात सीडीच्याच दर्जाच्या मास्टरवरून (मूळ ध्वनिमुद्रणावरून) केल्या होत्या, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा ओळखण्याचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के. कान तयार केलेल्यांचं त्याहून बरं. ठीक आहे, फरक शून्य नाही, असं म्हणू. पण 'संगीतच नव्हे'? पन्नासवर सव्वादोन टक्के, तेही प्रयोगाच्या खोलीत कान टवकारून बसल्यावर. आपल्याकडे डोक्यावर पंखा आहे आणि खाली रिक्षा आहेत. आणि मामांच्या आवडीच्या जुन्या नाट्यपदांचं काय? १९२५ च्या आधीच्या तबकड्या मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन कोरलेल्या. त्यांत वरच्या पट्टीतलं फारसं काही उतरलेलंच नाही. १९२ किलोहर्ट्झमध्ये तुम्हाला मिळते ती तबकडीची खरखर, अधिक बारकाईने.

बाकीचे झटपट. चौथा, "ब्लूटूथ टाळा": बरोबर, ब्लूटूथवर आवाज बहुधा पुन्हा एकदा दाबला (कॉम्प्रेस केला) जातो, वायफायवर तसं करावं लागत नाही. नऊपैकी एक तरी जमला. सातवा, "रात्री वीज शुद्ध असते म्हणून आवाज चांगला येतो": रात्री मिक्सर आणि हॉर्न बंद असतात म्हणून येतो. आठवा, "सर्व्हरला हार्डडिस्कऐवजी एसएसडी लावा, तार सप्तक चमकतं": सर्व्हर हॉलमध्ये असेल तर डिस्कची घरघर जाईल, एवढंच. तो आतल्या खोलीत ठेवला तरी जाते, आणि फुकट. नववा, राउटरखाली स्फटिक ठेवा. असो.

एवढे पैसे खर्चून फरक 'ऐकू आला' म्हणणारे सगळे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. नवीन वस्तू लावली की आवाज नकळत थोडा जास्त ठेवला जातो, आणि अर्ध्या-एक डेसिबलची वाढ कानाला 'मोठी' वाटत नाही, 'छान' वाटते. दोन्हीकडे आवाज मोजून सारखा करा, दुसऱ्याला बदलायला सांगा, स्वतः पाठ करून बसा. किती वेळा ओळखता ते लिहून ठेवा.

ज्या एका गोष्टीने आवाज खरोखर बदलतो तिचा या नऊ उपायांत उल्लेखच नाही: खोली. आपले हॉल म्हणजे खाली गुळगुळीत टाइल्स, समोर सरकत्या काचा, भिंती उघड्या, आणि स्पीकर टीव्ही युनिटच्या कोपऱ्यात कोंबलेले. अकरा फुटांच्या, म्हणजे ३.३५ मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत ५१ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, १०२ हर्ट्झ या सुरांना घुमायला आयती जागा मिळते. डग्ग्याचा घुमार त्याच आसपास असतो. म्हणून मामांकडे विलंबित ऐकताना डग्गा सगळ्यांवर चढून बसायचा, आणि दोष जायचा फ्लॅकला. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, कोपऱ्यातून बाहेर काढा. वरचा छोटा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. समोर जाजम, काचेवर जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. बसायची जागाही मागच्या भिंतीला चिकटलेली नको, तिथेच घुमणं सगळ्यात जास्त असतं. एवढं करूनही उरलं तर स्ट्रीमरच्या अॅपमध्ये इक्वलायझर असतो. त्यात घुमणारा सूर शोधून तीन-चार डेसिबलने खाली करा. वर मात्र काही चढवू नका, छोटे स्पीकर लगेच फाटतात.