झाकला रकाना सव्वा लाखाचा

स्प्रेडशीटमधल्या रकान्यांना आणि ओळींना नावे द्यावीत व सूत्रे त्याच नावांनी लिहावीत, असे सांगणारा एखादा हितचिंतक प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि पुन्हा आपल्या जी २ कडे, म्हणजे जी रकान्यातल्या दुसऱ्या ओळीच्या चौकटीच्या पत्त्याकडे, वळावे.

‘=(ई४७-एफ४७)*$जी$२’ हे सूत्र पाहा. डॉलरची दोन चिन्हे लागताच त्याला कसे मंत्राचे तेज आले आहे! बैठकीत पडद्यावर ते झळकले की सगळे आदराने गप्प बसतात. तेच सूत्र ‘=(विक्री-खर्च)*वाटा’ असे लिहिलेत, तर ज्याला आयुष्यात कधी एक बेरीज धड लावता आली नाही, असा गृहस्थही मागच्या खुर्चीवरून विचारेल, “खर्चात वाहतूक धरली आहे ना?” वाचता आले की शंका येते आणि शंका आली की तुमची संध्याकाळ गेली.

नावांचा दुसरा दुर्गुण म्हणजे त्यांचा चहाडखोरपणा. ‘खर्च’ऐवजी चुकून ‘खर्चं’ टंकलेत, तर एक्सेल ताबडतोब ‘#नेम?’ असा गळा काढते आणि चूक चव्हाट्यावर येते. ई ४७ च्या जागी ई ४८ लिहून पाहा. यंत्र हूं की चूं करत नाही. एक सुबक, दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा देते, आणि तो शेजारच्या ओळीचा आहे हे तुमच्याखेरीज कोणाला कळत नाही. बहुतेक वेळा तुम्हालाही नाही.

या पद्धतीची थोरवी पटत नसेल, तर कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० सालचा, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा निबंध आठवावा. त्यांच्या एक्सेल फाइलमधल्या सरासरीच्या सूत्रात एल३० ते एल४९ असा पट्टा हवा होता. तो एल४४ वरच थांबला आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क असे पाच देश बिनबोभाट बाहेर राहिले. २०१३ साली थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवून तपासली, तेव्हा कुठे ते जगाला कळले. त्या पट्ट्याला ‘सर्वदेश’ असे नाव असते, तर कदाचित कोणीतरी आगाऊपणे देश मोजले असते. चव्वेचाळीस या आकड्याकडे पाहून देश मोजावेसे कोणाला वाटतात?

म्हणून कंट्रोल-टी ही कळ कोणाला दाखवू नका. तिने साध्या यादीचे तक्त्यात रूपांतर होते, शीर्षकेच सूत्रात येऊन बसतात, आणि खाली नवी ओळ टाकली की तीही आपोआप बेरजेत धरली जाते, म्हणजे दर महिन्याला पट्टा ओढण्याचे आपले काम गेलेच. व्हीलुकअपमध्येही, म्हणजे तक्त्यात शोधून हव्या त्या रकान्यातला आकडा आणून देणाऱ्या सूत्रात, रकान्याचा क्रमांक ७ असाच ठोकून द्यावा. पुढे कोणीतरी मध्ये एक रकाना घुसवला की दराऐवजी वजन येऊ लागते. पण आकडा तो आकडाच.

इतिहासही आपल्याच बाजूचा आहे. लोटस कंपनीने १९९१ साली इम्प्रोव्ह हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आणले, त्यात पत्त्यांऐवजी नावांनीच सूत्रे लिहायची होती. ते फार काळ टिकले नाही. एक्सेल ९७ मध्ये रकान्याचे आणि ओळीचे शीर्षक जसेच्या तसे सूत्रात लिहायची सोय आली होती. २००७ च्या आवृत्तीत ती काढून टाकली आणि जुनी सूत्रे पत्त्यांत बदलली गेली. (त्याच आवृत्तीत तक्त्यांची शीर्षके सूत्रात वापरता येऊ लागली, हे मात्र बैठकीत काढू नये.)

वरिष्ठांनी नावे द्यायलाच लावले, तर ‘नवीन’, ‘नवीन_२’, ‘अंतिम’ आणि ‘अंतिम_खरे’ अशी द्या. ‘टॅक्स२०२४’ असे रोमन लिपीत द्यायला गेलात तर एक्सेलच नकार देईल, कारण रकाने एक्सएफडी या शेवटच्या रकान्यापर्यंत पसरलेले असल्याने तो खराखुरा सेलचा पत्ता ठरतो. या नकाराचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा. ‘प्रयत्न केला, जमले नाही’ याला एवढा पुरावा पुरतो.

एक किरकोळ अडचण उरते. सहा महिन्यांनी ही फाइल तुम्हालाच उघडावी लागते. तेव्हा जी २ वर टिचकी मारा. तिथे फक्त १२ लिहिलेले असेल. ते बारा महिने आहेत, बारा टक्के आहेत, की नुसतेच आपले वाजलेले बारा आहेत, हे बघत बसा.