23 पाने आणि एक वाक्य

संमतीने घटस्फोट घेणे म्हणजे हार मानणे, असे समजणारी माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. माझ्या वेळी कळव्याचे मामा म्हणाले होते, "त्याला असा सुखासुखी सोडायचा नाही." मामांची माया खरी होती, म्हणून मी त्यांचे ऐकले आणि 2017 साली ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून अर्ज केला.

तो अर्ज 23 पानांचा होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली घटस्फोट मागायचा, तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग असे एखादे कारण सिद्ध करावे लागते. नुसते 'जमत नाही' हे कारण त्या कलमात नाही. त्यामुळे वकिलांना दोष देण्यात अर्थ नाही, कलमाची मागणीच तशी आहे. भाजी खारट झाली म्हणून त्याने एकदा ताट पुढे सरकवले होते. अर्जात त्याचे 'ताट भिरकावले' असे झाले. मी त्या शब्दावर थोडी अडखळले आणि सही केली. काही महिन्यांनी त्याचे लेखी उत्तर आले, ते 31 पानांचे. त्यात माझी आई होती, माझे ऐरोलीचे ऑफिस होते, आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणत असताना मी कामावर गेले होते तो दिवसही होता. दिवस खरा होता. त्या दिवशी घरी कोण थांबणार यावरून आदल्या रात्री आम्ही दोघेही भांडलो होतो, एवढेच तेवढे त्यात नव्हते.

दोन वर्षे तारखा पडत राहिल्या. साक्षीपुरावा सुरूही झाला नव्हता. अर्धी रजा टाकून ऐरोलीहून लोकल पकडायची, न्यायालयाच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. शेवटी समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारला, "सिद्ध झाले, तर त्याचे पुढे काय करणार आहात?" उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच्याकडेही नसावे, कारण पुढच्याच तारखेला संमतीची बोलणी सुरू झाली.

1976 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 13-ब नुसार, पतिपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असतील, एकत्र राहणे शक्य नसेल आणि विवाह संपवण्यावर दोघांचे एकमत असेल, तर दोघे मिळून अर्ज करू शकतात. आमच्या संयुक्त अर्जात कारणाचे वाक्य एकच होते : स्वभावभिन्नतेमुळे एकत्र राहणे शक्य झाले नाही. वेळ वाचतो, पैसा वाचतो, संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नसल्याने प्रकरण तिथेच संपते, हे फायदे सगळेच सांगतात आणि ते खरेच आहेत. माझ्या दृष्टीने मोठा फायदा त्या एका वाक्यात आहे. मुलगा उद्या मोठा होऊन कागद वाचायला मागेल, तेव्हा मी त्याला हा अर्ज देऊ शकते. ती 23 पाने मी देऊ शकणार नाही, आणि त्याचे वडील ती 31 पाने देऊ शकणार नाहीत.

असा संयुक्त अर्ज दिल्यानंतर सहा महिने थांबण्याची अट असते. मात्र ती बंधनकारक नसून योग्य प्रकरणात शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. आम्ही अडीच वर्षे वेगळे राहत होतो आणि पोटगी, मुलाचा ताबा, घर सारे ठरलेले होते, म्हणून आम्हाला ती सूट मिळाली.

हे 'सारे' ठरवताना मात्र घाई करू नये. सुटका हवी म्हणून पोटगी, स्त्रीधन सगळे सोडून सही करणाऱ्या मुली मी त्याच बाकावर पाहिल्या आहेत. तिला मी संमती म्हणणार नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आमची स्त्रीधनाची यादी मी वहीच्या पानावर लिहून नेली होती. तिच्यात आईचे शिलाई मशीन राहून गेले होते. ते त्याने स्वतःहून खाली लिहिले. घराचे कर्ज दोघांच्या नावावर होते, आणि तुमच्या आपसातल्या संमतीपत्राने बँक बांधली जात नाही. बँकेकडून त्याचे नाव कमी करून घेणे आणि त्याचे हक्कसोडपत्र नोंदवणे, यालाच घटस्फोटापेक्षा जास्त चपला झिजल्या.

मुलाच्या भेटीसाठी संमतीपत्रात दुसरा आणि चौथा रविवार लिहिलेला आहे. पहिले वर्षभर मी कॅलेंडरवर खुणा करत असे. आता मुलगा परस्पर फोन करून ठरवतो आणि एकटाच लोकलने ठाण्याला जातो. कधी तो तिसरा रविवारही असतो.