बीपीच्या गोळीने ब्रेन हॅमरेज थांबत नाही

'ब्रेन हॅमरेज झालं की लगेच निमोडिपिन द्या. बीपीच्याच कुळातली जुनी गोळी आहे, मेंदू वाचवते. ती नसेल तर घरातली अ‍ॅम्लोडिपिन चालेल. स्वस्त आहे म्हणून डॉक्टर सांगत नाहीत.' हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही येऊन पडला. साफ खोटा असता तर सोडून दिला असता. पण त्यात थोडं खरंही आहे.

१९८९च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. निमोडिपिन घेतलेल्यांपैकी २२ टक्के जणांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मेला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. मात्र हे सगळे रुग्ण एकाच प्रकारचे, मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरलेले. असा स्राव बहुधा धमनीवरचा फुगा फुटून होतो. बीपी वाढून मेंदूच्या आत रक्तस्राव होतो, तो आजार वेगळा. त्यावर ही गोळी नाही.

'लगेच द्या' कशासाठी? ती रक्त थांबवतच नाही. फुगा बंद करायला बाहेरून चिमटा (क्लिप) किंवा आत भरायची बारीक तार (कॉइल) लागते. सांडलेल्या रक्तामुळे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूचा रक्तपुरवठा आटू शकतो, निमोडिपिन असते ती त्यासाठी. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. रात्री बाराला नर्स उठवते, पहाटे चारला पुन्हा. बीपी फार उतरलं तर डोस विभागून देतात. जे औषध असं घड्याळ लावून दिलं जातं, ते लपवलं कुणी?

घरी द्यायचं तर आधी रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनशिवाय कसं कळणार? गुठळी असेल आणि बीपी धाडकन उतरलं, तर उरलासुरला रक्तपुरवठाही जायचा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते, ते वेगळंच. रुग्णालयातही चुका झाल्यात: नाकातल्या नळीतून द्यायला कॅप्सूलमधला द्रव सिरिंजमध्ये काढला, तो चुकून शिरेत गेला आणि रुग्ण दगावले. अमेरिकेत त्यावर औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा छापावा लागला.

आणि अ‍ॅम्लोडिपिन? आडनाव एक म्हणून भावाच्या जागी भाऊ सही करत नाही. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनकडूनही याच आजारात मोठी आशा होती. २०१४मध्ये ८०३ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे नुसत्या अंदाजावर औषध चालत नाही.

डोक्यात अचानक वीज पडावी तशी कळ आली, तोंड वाकडं झालं, तर तोंडात काही घालू नका. १०८ लावा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा, आणि चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या, रक्त पातळ करणारी असतील तर आधी ती दाखवा.