भाच्याचा ड्रॅगन चोरीलाच गेला

रविवारी सांगलीहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. समोर तेरा वर्षांचा भाचा, रडून डोळे सुजलेले. रोज शाळा सुटल्यावर तासभर खेळून आठ महिन्यांनी त्याने एका ऑनलाइन खेळात ड्रॅगन मिळवला होता. परवा चॅटमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘मला डुप करता येतं. तुझा दे, दोन परत देतो.’ त्याने दिला आणि समोरचा पसार झाला. मागून भाऊजींचा आवाज आला, “बरं झालं, पीडा टळली. आता अभ्यासाला बस.”

मला ते फार लागलं. दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्याने मोठ्या माणसाला गंडवलं, तर आपण त्याला ‘पीडा टळली’ म्हणत नाही.

डुप म्हणजे खेळातल्या वस्तूची फुकट प्रत काढणं. वस्तू मित्राला द्यायची आणि सर्व्हरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकाने, नोंद करण्याआधीच आपलं कनेक्शन तोडायचं. नोंद अर्धवट राहिली, तर वस्तू दोघांकडेही दिसते. मे २०१३मध्ये ‘डायब्लो ३’ या ऑनलाइन खेळाच्या लिलावबाजारात याचा मोठा भाऊ सापडला. प्रचंड सोनं विक्रीला लावायचं आणि विक्री रद्द करायची. संगणकाने राखलेल्या ३२ बिटांच्या जागेत न मावणारा आकडा झाला की वजाबाकी चुकायची, खात्यातून कमी सोनं जायचं आणि परत मात्र पुरतं यायचं. काही तासांत अब्जावधींचं सोनं हवेतून तयार झालं. कंपनीला बाजार बंद ठेवावा लागला. असं करणाऱ्यांना पोरं ‘डोकेबाज’ म्हणतात. मी म्हणणार नाही. खोट्या नोटा छापल्यावर जे होतं तेच इथेही झालं. रात्ररात्र जागून सोनं साठवणाऱ्यांच्या सोन्याचा भाव पडला.

गावाकडे, भारतात, ऑनलाइन खेळांवर चर्चा कमी नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मला तो कायदा पटतो. रमीपायी कर्जात बुडालेली माणसं माझ्याही नात्यात आहेत. पण आपली सगळी चर्चा खिशातून किती गेलं याभोवतीच फिरते. पोराने वेळ आणि कष्ट घालून जे कमावलं, ते कुणी नेलं तर काय, हे कुणी विचारतच नाही.

मी राहतो त्या उत्तर नेदरलँड्समध्ये, लेउवार्डन शहरात, २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून ‘रूनस्केप’ खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा त्यांच्या खात्यात द्यायला लावला. बचाव असा होता की, या वस्तूच नव्हेत, नुसता भास आहे. ३१ जानेवारी २०१२ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरवली. त्या मुलाने त्यासाठी वेळ आणि श्रम घातले होते, वस्तू त्याच्या ताब्यात होत्या आणि तो ताबा गेला. याच न्यायालयाने १९२१मध्ये मीटर अडवून वीज वापरणाऱ्या एका दंतवैद्याच्या खटल्यात वीजही चोरता येते असं म्हटलं होतं. आकडा टाकणं म्हणजे चोरी, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वीज तरी कुठे हातात धरता येते?

इथलं सगळंच गोमटं आहे असं नाही. पैसे मोजून आत काय निघेल ते न कळणाऱ्या खेळातल्या पेट्यांसाठी, ‘लूट बॉक्स’साठी, गेम कंपनीला झालेला एक कोटी युरोंचा दंड इथल्याच वरिष्ठ न्यायपीठाने मार्च २०२२मध्ये रद्द केला. ते पोरांच्या हाताला लागलेलं जुगाराचं वळण आहे असं मला वाटतं, आणि त्या बाबतीत भारताचा कडकपणा मला जवळचा वाटतो.

पण चोरीच्या बाबतीत आपलं दार आता बंद नाही. चोरी जंगम मालमत्तेचीच होते, आणि जुन्या दंड संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू असं लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून ‘मूर्त’ हा शब्द गेला. वकिलांनी, पालकांनी त्या गाळलेल्या शब्दावर बोलायला हवं.

काल बहिणीला पुन्हा फोन केला. चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेव, सायबर पोर्टलवर तक्रार टाक म्हटलं. ती म्हणाली, “अरे, हसतील आपल्याला.” मग भाच्यालाच फोनवर घेतलं आणि आम्ही दोघांनी तक्रार लिहून काढली. काय गेलं, या ओळीपुढे त्याने स्वतः लिहिलं, ‘एक ड्रॅगन. मिळवायला आठ महिने लागले.’